दादानं कापलेला कोट

बातमी आली तेव्हा धाकटे लेकीच्या परदेशातल्या इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याच्या यंत्राशी हुज्जत घालत होते. जन्म शिंपीकामात गेलेल्या माणसाला कपड्यांचं यंत्र काय अवघड, असं बायकोला ऐकवून ते खाली आले होते. आता यंत्रावर ओळीनं काढलेल्या चित्रांपैकी एकाचाही अर्थ लागेना. थेंबाचं चित्र दाबलं की यंत्र थांबे आणि थांबवायला जावं तर दार उघडून घेई. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. घरून मोठ्या वहिनी बोलत होत्या, आणि तिथंच धाकट्यांना कळलं की काहीतरी बिघडलंय, कारण परदेशी फोन म्हणजे ओरडून बोलायचा प्रकार अशी वहिनींची ठाम समजूत होती आणि ओरडणं जमत नसल्यामुळे त्या कधी फोन करत नसत.

त्या हळू आवाजातच बोलल्या. हे गेले, म्हणाल्या. सकाळी दुकान उघडायच्या आधी चहा मागितला आणि चहा गाळून आणेपर्यंत गेले. सगळं उरकून मगच फोन केलाय, म्हणजे धावत येण्याचा प्रश्न नको. पोरीचं लग्न कशाहीसाठी थांबवायचं नाही असं यांनी मागेच बजावून ठेवलं होतं, तेव्हा उद्याचं उद्याच होऊ द्या. मग म्हणाल्या, "आणि वन्संना एवढ्यात सांगू नका. लग्न होऊ दे. त्या कोलमडतील."

धाकट्यांनी फोन खिशात ठेवला आणि यंत्राच्या गरम झाकणावर कपाळ टेकून ते रडू लागले. वरच्या मजल्यावरचा एक उंच माणूस टोपली घेऊन आत आला. त्यानं आधी धाकट्यांकडे पाहिलं, मग यंत्राकडे पाहिलं आणि आपल्या परीनं निष्कर्ष काढला. धाकट्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यानं एक चित्र दाबलं आणि यंत्र मुकाट्यानं फिरायला लागलं. धाकट्यांना त्याची भाषा येत नव्हती, नाहीतर त्यांनी त्याला दादाबद्दल सगळं सांगितलं असतं.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. दादा थोरला, आत्या मधली आणि धाकटे धाकटे, जरी आता डोक्यावर एकही काळा केस उरला नसला तरी. दुकानात दादा कापायचा, आत्या शिवायची आणि धाकटे काजं-बटणं करून गिऱ्हाइकांना गोड बोलायचे. गावात दादाला नुसतं मास्तर म्हणत. मग एका वकिलाच्या कोटाची कॉलर वाकडी बसली. कापताना वाकडी झाली असं आत्याचं म्हणणं, शिवताना झाली असं दादाचं. वकिलानं तो कोट घालून किती खटले जिंकले कुणास ठाऊक, पण हा खटला सुटला नाही. आत्यानं आपलं यंत्र उचललं, रस्त्यापलीकडे बरोबर समोर गाळा घेतला आणि भावाशी बोलणं टाकलं.

बोलणं टाकलं म्हणजे संबंध टाकला असं मात्र नाही. दादाचं दुकान उघडायला उशीर झाला की आत्या एखाद्या गिऱ्हाइकाला पलीकडे पाठवून विचारी, तुमच्याकडे आज सुतक आहे की सुया संपल्या. दादा त्याच गिऱ्हाइकाबरोबर निरोप पाठवी की आधी स्वतःच्या पाटीवरची धूळ पुसा. अशी वर्षानुवर्षं त्यांची रोज चौकशी चालू होती, फक्त ती दोघांपैकी कुणी चौकशी म्हणून मान्य केली नसती.

धाकट्यांच्या मुलीनं परदेशात दातांचा दवाखाना थाटून तिथलाच नवरा शोधला, तेव्हा आत्या धाकट्यांबरोबर लग्नाला निघाली, पण दादानं यायला साफ नकार दिला. जे वाहन बंद पडलं तर खाली उतरून ढकलता येत नाही त्यात मी बसत नाही, म्हणाला. त्याऐवजी त्यानं नवरीसाठी पांढऱ्या लोकरी कापडाचा लांब कोट पाठवला, कारण लग्न सरकारी कचेरीत होतं आणि तिथं थंडी फार असं त्यानं ऐकलं होतं. कापला त्यानंच, शिवलाही त्यानंच. दुकानातल्या कुणाला हात लावू दिला नाही.

धाकटे वर आले तेव्हा बाई भांडी पुसत होत्या. बाई म्हणजे धाकट्यांची बायको. शाळेत शिकवून निवृत्त झाल्या तरी घरात त्यांना बाईच म्हणत. त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि त्याला सरळ न्हाणीघरात नेऊन दार लावलं. नळ सोडला, सगळं ऐकून घेतलं, पदर तोंडात धरून रडल्या आणि मग तोंड धुऊन म्हणाल्या की गुपित राखण्याच्या कामात धाकट्यांनी लक्ष घालू नये, ते त्या एकट्या बघतील. त्यांचं म्हणणं संपायच्या आत बाहेरून लेकीनं दार वाजवलं. एका न्हाणीघरात आईबाप दोघं, नळ सोडलेला आणि आतून हुंदके, एवढ्यावरून तिला जे समजायचं ते समजलं. आता न्हाणीघरात तिघं झाले.

सगळे तिला दातवाली म्हणत. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून तिचा जीव घट्ट झाला होता, पण मोठे काका गेले हे ऐकून ती टबाच्या कडेवर बसली ती उठेनाच. लहानपणी कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात ती झोपायची आणि वर काकाची कात्री कुरकुरत चालायची. सगळ्यात आधी तिलाच सुचलं. डोळे पुसून तिनं विचारलं, "आणि आत्या काय करतेय?"

आत्या बाहेर जेवणाच्या टेबलावर कोटाचा फडशा पाडत होती.

परवा कोट पेटीतून निघाला आणि दातवालीनं अंगात घातला तेव्हापासून आत्याचा तोंडाचा पट्टा चालू होता. ही बाही आहे की उशीचा अभ्रा, असं कापून पैसे घेतो म्हणून गावाचं कल्याण झालंय, वगैरे. कुणाला नीट बघूही न देता तिनं कोट काढून घेतला आणि त्याच संध्याकाळी डावी बाही उसवून मोकळी केली. तिची स्वतःची भलीमोठी कात्री विमानतळावरच्या शिपायानं पिशवीतून काढून घेतली होती. आत्यानं त्याला, कात्री नसलेली शिंपीण म्हणजे टोपी नसलेला शिपाई, हे आपल्या भाषेत समजावून पाहिलं होतं, पण तो बधला नाही. म्हणून काल दातवालीनं बाजारातून नवी कात्री आणून दिली होती. आज त्या कात्रीनं आत्या बाही नव्यानं कापणार होती.

न्हाणीघरातल्या तिघांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहिलं. दादाच्या हातचं शेवटचं काम, आणि त्याला जन्मभर पाण्यात पाहणारी बहीण काही न कळता त्यावर कात्री चालवतेय. उद्या तिला कळेल तेव्हा ती स्वतःला कधी माफ करणार नाही, असं बाई म्हणाल्या. त्या क्षणी तिघांचं एकमत झालं, जे या घरात सहसा होत नसे.

बाईंनी टेबलावरची नवी कात्री पुसायला म्हणून उचलली आणि ओव्हनमध्ये ठेवली. स्वयंपाकघरातली लहान कात्री धाकट्यांनी विजारीच्या खिशात घातली, त्यामुळे त्यांना दुपारपर्यंत बसता आलं नाही. दातवालीनं नखं कापायची कात्रीसुद्धा पर्समध्ये टाकली. आत्या चष्मा पुसून परत येते तर घरात कात्री नावाचं काहीच नाही.

तिनं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या इथंच तर होती. दातवाली म्हणाली कदाचित दुकानदारानं परत मागवली असेल, आणि स्वतःच्या उत्तरानं स्वतःच गांगरली. आत्या म्हणाली, मग सुरी द्या. बाई म्हणाल्या या देशात सुऱ्यांना धार नसते. आत्यानं चपला शोधायला घेतल्या, खाली कोपऱ्यावर दुकान होतं तिथून ती कात्री आणणार होती. त्यावर धाकटे खिडकीला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले की आज दुकानं बंद आहेत. त्यांच्या खांद्यावरून खालच्या दुकानातून माणसं पिशव्या भरभरून बाहेर पडताना आत्याला स्वच्छ दिसत होती.

"तू बस बघू आधी," ती धाकट्यांना म्हणाली. "सकाळपासून उभा आहेस."

उभं राहणं प्रकृतीला चांगलं असतं, असं धाकटे म्हणाले.

इथवर सगळं निभावलं असतं. या घराला खोटं बोलण्याची सवय नव्हती तरी मूर्खपणाची होती, आणि आत्यानं तो मूर्खपणा म्हणून सोडूनही दिला असता. पण या घराण्याची एक रीत होती. जिवंत माणसाचं कौतुक करायचं नाही, तोंडावर नाही आणि पाठीमागे तर नाहीच. धाकटे शाळेत पहिले आले तेव्हा वडील म्हणाले, वर्गात पोरं कमी असतील. दातवाली पदवी घेऊन आली तेव्हा दादा म्हणाला, चला, निदान सुई कुणाला टोचायची ते शिकली. कौतुक सगळं साठवून ठेवत आणि माणूस गेला की एकदम बाहेर काढत. वडील वारले तेव्हा मुलांनी त्यांच्याबद्दल जे सांगितलं ते ऐकून शेजारी विचारू लागले की नक्की गेलं कोण.

त्यामुळे आत्यानं कोटाची पाठ उजेडात धरून म्हटलं, "बघ, टाका बघ तुझ्या भावाचा, खळ्यावरून कोंबडी चालून गेलीय," तेव्हा धाकट्यांनी नेहमीप्रमाणे म्हणायला हवं होतं की तुझ्या टाक्यापेक्षा कोंबडी बरी. ते वाक्य त्यांच्या ओठावर आलंही. पण प्रत्यक्षात ते म्हणाले, "दादाचा हात म्हणजे हात आहे, ताई."

आत्याचा चष्मा नाकावर घसरला.

बाईंनी सावरायला घेतलं. पेपरची घडी मोडून ठेवतात म्हणून ज्या भाऊजींवर त्या इतकी वर्षं धुसफुसत होत्या त्या भाऊजींबद्दल त्या म्हणाल्या की माणूस मनानं फार मोठा. दातवालीनं भर घातली की मोठ्या काकांसारखं माप घेणारं जगात कुणी नाही आणि तिला कोट आहे असाच आवडतो. तिघंही आळीपाळीनं बोलत राहिले. थांबलं तर रडू येईल अशी भीती असल्यामुळे त्यांना थांबता येईना. दादाचं अक्षर चांगलं, दादाचा गळा चांगला, दादानं कधी कुणाचं कापड मारलं नाही.

आत्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिनं कोट टेबलावर ठेवला, त्याच्यावरून सुरकुती काढल्यासारखा हात फिरवला आणि विचारलं, "कधी गेला?"

बाईंनी तिच्या शेजारी बसून हात धरला. धाकट्यांनी सगळं सांगितलं, चहाचंही सांगितलं. आत्यानं मध्ये एकदाच तोंड उघडलं, चहा कुणी टाकला होता ते विचारायला. वहिनींनी, असं कळल्यावर तिनं मान हलवली. मग ती रडली, मोठ्यानं आणि लाज न बाळगता, आणि रडता रडता त्याला शिव्या दिल्या. मेला सरळ निघून गेला, मी इतक्या लांब असताना गेला, मुद्दाम गेला. दातवाली तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवत होतं आणि ओव्हनच्या काचेतून कात्रीची मूठ दिसत होती. ती सगळ्यात आधी आत्यालाच दिसली.

ती उठली, नाक पुसलं, ओव्हन उघडून कात्री घेतली आणि पुन्हा टेबलाशी बसली.

धाकटे आडवे आले. एवढ्या वर्षांत ताईला त्यांनी कधी अडवलं नव्हतं, त्यामुळे हात कुठे ठेवावे ते त्यांना कळेना. "ताई, हे त्याचं शेवटचं काम आहे," ते म्हणाले. "याला कात्री लावू नकोस. वाकडं असेल तर वाकडं राहू दे. माझी पोरगी वाकडा कोट घालून लग्न करेल."

"इकडे ये," आत्या म्हणाली. "बटणं लावण्यात जन्म गेला तुझा, पण शिंपी आहेस ना? मग बघ."

तिनं उसवलेली डावी बाही पसरली आणि तिच्यावर कोटाची उजवी बाही ठेवली, दोन्हींची सुलट बाजू वर करून. मुंढ्याचा, म्हणजे बाही खांद्याला जोडतात त्या गोलाईचा, पुढचा भाग खोल कापतात आणि मागचा भरलेला ठेवतात, कारण माणसाचा हात पुढे जातो, मागे नाही. एक बाही दुसरीचं उलटं रूप असावं लागतं. या दोन बाह्या एकमेकींवर जशाच्या तशा बसल्या. धाकटे वाकून बघत राहिले. दोन्ही उजव्या हाताच्या होत्या.

अशी चूक दुकानात पहिल्या महिन्यात होते. ती करणाऱ्याच्या डोक्यात दादा मापाचा गज मारी आणि त्या दिवशी त्याला चहा मिळत नसे. मास्तरनं दोन उजव्या बाह्या कापल्या हे गावात कुणी सांगितलं असतं तर धाकटे त्याच्या अंगावर धावून गेले असते.

"पोरीनं घातला तेव्हाच दिसलं मला," आत्या म्हणाली. "डावा हात पुढे नेला की सगळी पाठ ओढली जात होती. मी आरडाओरडा केला म्हणून तुम्ही माझ्याकडे बघत बसलात. हातून अशी चूक होते म्हणजे त्याला दिसत नव्हतं रे. नाहीतर सुचत नव्हतं. म्हणून तर कुणाला हात लावू दिला नसेल. परवा रात्रभर मी डोळा मिटला नाही. म्हटलं परत गेले की पहिल्यांदा रस्ता ओलांडायचा. कॉलर मीच वाकडी शिवली म्हणून सांगायचं आणि उद्यापासून कापायला मी येते म्हणायचं."

"शिवताना झाली होती ती?" धाकट्यांनी विचारलं.

"कापताना झाली होती," आत्या म्हणाली. "पण मी सांगणार होते."

मग तिनं अडचण काय ती समजावली. उद्या कचेरीत विहीणबाई येणार. त्या आयुष्यभर कोटांच्या कारखान्यात तपासनीस होत्या, आणि परवा जेवायला आल्या तेव्हा त्यांनी धाकट्यांच्या जाकिटाची कड धाकटे आत असतानाच उलटून पाहिली होती. त्या बाईला दोन उजव्या बाह्या दिसायला श्वास घेण्याइतकाही वेळ लागणार नाही. जन्मात गावाबाहेर न गेलेल्या मास्तरचं नाव परदेशात एकदाच निघणार होतं आणि ते असं निघालेलं आत्याला चालणार नव्हतं. त्याला नावं ठेवायची तर ती घरच्यांनी ठेवायची.

"कोट काय फोटोशेजारी टांगायचाय?" ती म्हणाली. "दिवा लावा तो मोठा. आणि धाकट्या, खिशातली कात्री काढ आधी, भोसकून घेशील."

दुपारभर सगळं घर त्या टेबलाभोवती होतं. कापड जेमतेम होतं. मुंढा खाली उतरवून नव्यानं कापायचा आणि लांबी मनगटाशी आत दुमडलेल्या कापडातून काढायची, एवढाच रस्ता होता. चुकलं तर दुसरं कापड नव्हतं. पहिल्यांदा कात्री लावण्याआधी आत्यानं दादाला एक ठेवणीतली शिवी हासडली आणि मगच कापायला घेतलं. दातवालीनं दिवा धरला. दवाखान्यात तिच्यावर असा दिवा धरणारी मदतनीस असे, आज ती आत्याची मदतनीस होती. बाईंनी मागचे दोरे एकेक करून उपसले. धाकट्यांनी इस्त्री केली आणि प्रत्येक वेळी दाब कमी पडला म्हणून बोलणी खाल्ली. ती खाताना त्यांना बरं वाटत होतं. मध्येच आत्यानं मोठ्या वहिनींना फोन लावला. दोघी काही फारसं बोलल्या नाहीत, नुसता फोन कानाशी धरून बसल्या होत्या. शेवटी आत्यानं फक्त जेवलात का ते विचारलं आणि जेवल्याशिवाय फोन ठेवू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत सह्या झाल्या. सगळ्यांचे डोळे सुजलेले होते आणि नवऱ्यामुलाकडच्या मंडळींनी ते मुलीच्या वियोगाचं दुःख धरलं. विहीणबाईंनी सुनेला जवळ घेतलं, गालाला गाल लावला आणि लगेच कोट काढायला लावून तिथंच बाकावर उलटा केला. त्यांनी शिवणींवरून बोट फिरवलं. आत्या समोर ताठ उभी होती, हातात रुमालाचा बोळा. विहीणबाईंचं बोट उजव्या मुंढ्यावरून गेलं, मग डाव्यावर आलं आणि तिथं बराच वेळ थांबलं. त्यांनी काहीतरी विचारलं.

"विचारतायत, हा कुणी केलाय," दातवालीनं सांगितलं.

"माझ्या भावानं," आत्या म्हणाली. "कापलाही त्यानं आणि शिवलाही त्यानं. सांग तिला. एकट्यानं."

धाकट्यांनी तोंड उघडलं. आत्यानं त्यांच्या बुटावर पाय ठेवला, पुरता भार देऊन.

विहीणबाईंनी चष्मा वर करून बाही पुन्हा डोळ्यांजवळ नेली आणि हळूहळू काहीतरी म्हणाल्या. दातवाली आधी बापाकडे बघून मग आत्याकडे वळली. "म्हणतायत, काम उत्तम आहे. उजवी चांगली आहे, पण डावी बाही तिच्याहून चांगली बसलीय. असा मुंढा त्यांनी कारखान्यात कधी पाहिला नाही."

आत्यानं रुमाल नाकाला लावला आणि बराच वेळ तसाच धरला.

"त्याची डावी चांगलीच असायची," ती म्हणाली.

दातवालीनं तेवढंही विहीणबाईंना सांगितलं.